फॉर्मॅट न मारणारे मामू

मामूंच्या दुकानात "या, बसा" असं कुणी कधी ऐकलं नाही. लॅपटॉप काउंटरवर ठेवला की पहिला प्रश्न अंगावर यायचा, "कोणी हात लावलान ह्याला?" गिऱ्हाईक कितीही मोठ्या हुद्द्याचं असो, त्याची अशी उलटतपासणी व्हायचीच. फरवानियात, पुढे मोबाइलची कव्हरं विकणारा मल्याळी बशीर आणि त्याच्या मागच्या बोळकांडीत लॅपटॉप दुरुस्त करणारे हे दाभोळचे मामू. इतका खेकसणारा माणूस मी उभ्या कुवेतमध्ये पाहिला नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तो माझ्याच कर्मानं. दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. शुऐबा या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या प्लांटमध्ये आम्हाला एकच शिकवण, जे लागत नाही ते काढून जागा मोकळी करा. एका गुरुवारच्या सुट्टीत तोच शहाणपणा मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर केला. लपवलेल्या फाइली उघड्या केल्या, नावं ओळखीची दिसेनात, दिल्या पुसून! मशीन पुन्हा सुरू केलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ, अमुक फाइल मिसिंग.

आणि आत अण्णांचं लिखाण होतं. अण्णा म्हणजे माझे वडील. ते व्हिजिट व्हिसावर तीन महिने आले होते, तेव्हा पाटबंधारे खात्यातल्या नोकरीच्या आठवणी त्यांनी एका बोटानं टाइप केल्या होत्या. एकशे दहा पानं. नाशिकला परतल्यावर त्यांचे डोळे झपाट्यानं जात चालले. दर शुक्रवारी फोनवर तेच, "वाचता येतंय तोवर छापून पाठव रे." मी म्हणायचो, पुढच्या सुट्टीत. गाढव होतो मी, दुसरं काय!

चार दुकानं हिंडलो. चौघांनीही पडद्याकडे नीट न बघताच सांगितलं, "फॉर्मॅट मारना पडेगा." डेटा? "वो तो जाएगा." जसं काही जुनं पोतंच फेकायचं होतं! अजून आठवलं की डोकं फिरतं.

पाचवं दुकान मामूंचं, आणि त्यांच्यासमोर फॉर्मॅट हा शब्द काढणं म्हणजे आईवरून शिवी. माझ्या देखत एका साहेबाचं मशीन त्यांनी परत ढकललं होतं, "घाई असेल तर बाजूच्याकडे जा. तो पाच मिनिटात सगळा साफ करून देईल, तुझं डोकंसुद्धा."

माझी कबुली ऐकून ते खुर्चीतून उठलेच. "इंजिनेर ना तू? प्लांटातला व्हॉल्व्ह कशाचा ते कळला नाय, तर काढून फेकतोस?" बशीरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी काही बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "गप. बापाचा लिखाण गेलेला नाय. मशीन चालू करणारी फाइल गेली. दोन वेगळ्या गोष्टी."

त्यांची रीत अशी, की पडद्यावर आलेलं नाव आधी पाकिटाच्या पाठीवर लिहायचं, मग विंडोजच्या सीडीवरून नेमकी तेवढीच फाइल जागेवर ठेवायची. मशीन लगेच दुसरीचं नाव घ्यायचं. मामू मशीनवर नाही, माझ्यावर ओरडायचे, "ही पण पुसलीस? आणि ही?" अडीच तास मी मान खाली घालून उभा. शेवटी नेहमीचा निळा पडदा उजळला आणि अण्णांची पानं जशीच्या तशी समोर आली. माझे डोळे भरून आले. मामू म्हणाले, "रडू नको. आज छाप."

मी छापलं का? नाही! ऑफिसचा प्रिंटर, प्लांटचं शटडाउन, हे ना ते. सात महिने गेले. मग एका सकाळी लॅपटॉप नुसताच टकटक करायला लागला. या खेपेला डिस्कच मेली होती. अण्णांना तोवर फक्त जाड अक्षरं दिसत होती.

पुन्हा बोळकांडीत धावलो. मामूंची खुर्ची रिकामी. बशीर हळू आवाजात म्हणाला, "मामू गाँव गए थे. उधरही गुजर गए, पिछले महीने." माझ्या हातातलं मशीन बघून त्यानं गाव विचारलं, मामूंचा खण उघडला आणि एक सीडी पुढे केली. वर मामूंच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "नाशिकवाला. बापाचं लिखाण. पोराचा भरवसा नाय."

न विचारता माझ्या घरातलं लिखाण ठेवून घेतलं! वर हा शेरा! असा संताप आला, की तिथेच दोन शब्द सुनावावेत.

त्याच दुपारी सगळी पानं मोठ्या अक्षरांत छापून कुरियरनं पाठवली. अण्णांनी भिंग लावून ती शेवटपर्यंत वाचली. आणि मी इथे अजून त्या माणसावर चिडलेला आहे, कारण कडकडून भांडायला आणि पाया पडायला तो एकदाही पुन्हा भेटला नाही.