पटावरची एकसष्टावी

आमच्या गावातली मुलं सकाळी सात वाजता गावाबाहेर जातात. तीन पिवळ्या बस चौकात येऊन थांबतात आणि मुलं टाय सावरत त्यांत चढतात. त्याच रस्त्याने साडेनऊला मी मोटारसायकलवरून गावात शिरतो, गावातल्या मुलांना शिकवायला. सरकार मला पगार त्यासाठीच देतं.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. कोरेगाव भीमाच्या पुढेमागे कुठेतरी आहे असं समजा. नेमकं गाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात गावाचा दोष नाही. मी तिथला मुख्याध्यापक आहे. वर्ग तीन, मुलं कारखान्यांत काम करणाऱ्यांची: बिहारची, यूपीची, नांदेड-लातूरकडची. गावातली म्हणावी अशी चार. कारखान्यात ठेका संपला की एखादं कुटुंब रातोरात खोली सोडतं आणि दुसऱ्या दिवशी हजेरीत एक जागा रिकामी होते. नवा ठेका आला की भरते. आमचा पट पाहून कोणीही त्या महिन्यातली कारखान्यांची परिस्थिती सांगू शकेल.

कंपन्यांनी आम्हाला बरंच दिलं आहे. भिंतीएवढा टीव्ही दिला, सात नळांचं हात धुण्याचं केंद्र दिलं. नळांना पाणी टँकर आला तर येतं. शिक्षक तेवढा कंपनीला देता येत नाही, आणि रिबीन बांधलेल्या शिक्षकाचा फोटोही चांगला येणार नाही.

शिक्षक पटावर मिळतात. साठ मुलांपर्यंत दोन, आणि सप्टेंबरअखेर एकसष्टावं मूल पटावर असेल तर तिसऱ्याचं पद टिकतं. म्हणजे साठ मुलांना दोघं पुरतात, पण एकसष्टाव्यासाठी एक अख्खा माणूस लागतो. त्या वर्षी आमची मुलं बरोबर एकसष्ट होती.

तिसरं पद बाईंचं, त्या आमच्यात सगळ्यांत नव्या होत्या. पहिली-दुसरी त्यांच्याकडे. त्यांचं बाळ दीड वर्षाचं होतं आणि नवरा बारामतीकडे नोकरीला. पद गेलं असतं तर त्याच अतिरिक्त ठरून जिल्ह्याच्या कुठल्या कोपऱ्यात गेल्या असत्या देव जाणे.

शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष पालकच असावा लागतो. गावातल्या पुढाऱ्यांपैकी कोणाचं मूल शाळेत नाही, त्यामुळे अध्यक्षपद एका बिहारी बापाकडे आलं होतं. तो रात्रपाळी करून सभेला यायचा आणि अध्यक्षाच्या खुर्चीच्या कडेवर टेकायचा. शेजारी आप्पा ऐसपैस बसायचे. आप्पा गावातले वजनदार माणूस. अध्यक्ष राहायचा ती खोलीही आप्पांचीच, त्यामुळे सभेत मतभेद फारसे होत नसत.

"गुर्जी, तिसरं पद जाता कामा न्हाई," आप्पा जुलैच्या सभेत म्हणाले. "गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय. माझ्या आज्यानं जमीन दिली शाळंला."

"आप्पा, तुमची दोन नातवंडं घातली तर प्रश्नच मिटेल."

"व्हय का? आन् तुमचं पोरगं कुठल्या शाळंत हाय, गुर्जी?"

सभा हसली. अध्यक्षही हसला, जरा उशिराने. माझा मुलगा शिरूरला इंग्रजी शाळेत आहे आणि तोही पिवळ्या बसनेच जातो. मी इतिवृत्तात 'पटवाढीबाबत सविस्तर चर्चा झाली' असं लिहिलं.

अध्यक्षाची मुलगी पाचवीत होती. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आता ती आप्पांच्या थाटात 'न्हाई वं' म्हणायची आणि गणितात मला अडवायची. उत्तर आलं की पुन्हा उलटं करून तपासायचं, ही सवय मी तिला लावली होती. सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी मी तिच्याकडून करून घेत होतो. ही परीक्षा पाचवीतच देता येते, एकदाच. पास झालं की सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं मोफत. ती पास होईल याची मला खात्री होती. तसं मी केंद्रप्रमुखांजवळ दोनदा बोलूनही दाखवलं होतं.

ऑगस्टमध्ये तिचा बाप शाळेत आला. ठेका संपला होता. दौंड तालुक्यात कासुर्डीजवळ एका गुऱ्हाळावर त्याचा चुलतभाऊ होता, तिकडे काम मिळत होतं.

"सरजी, बच्ची का दाखला दे दो. उधर के मास्टरजी बोले, लेके आओ."

मी म्हणालो, "पोर्टल बंद आहे."

दाखले ज्यावरून निघतात ते सरकारी पोर्टल चालू होतं. त्याच्यासमोरच टेबलावरच्या संगणकात उघडं होतं. तो मान डोलावून म्हणाला, "कोई बात नहीं, खुलेगा तो भेज देना." माझ्या पाया पडायला वाकला, मी त्याला उठवलं. जाण्यापूर्वी अध्यक्ष या नात्याने दोन कागदांवर सह्या करून गेला. एका कागदावर पटसंख्या होती, एकसष्ट.

दुसऱ्या दिवशी हजेरीत मी तिचं नाव घेतलं.

"सर, ती गेली की," चौथीतला एक जण म्हणाला.

"येईल."

"सामान घेऊन गेली सर. टेम्पोतून. मी बघितलं ना."

तेव्हापासून मी हजेरी मनातल्या मनात घेऊ लागलो. रोज तिच्या नावापुढे उपस्थितीची खूण व्हायची. सबंध शाळेत सर्वांत नियमित हजेरी तिचीच भरली.

दौंडच्या शाळेने तिला आपल्या पटावर घेण्यासाठी ऑनलाइन विनंती पाठवली. संगणक उघडला की कोपऱ्यात लाल आकडा दिसे: एक विनंती प्रलंबित. तिथल्या मुख्याध्यापकांचे फोन येऊ लागले. आवाजावरून निवृत्तीला आलेले वाटत होते.

"गुरुजी, सोडा की आमची पोरगी."

"पोर्टल उघडत नाही हो सर."

"आमच्यात तर झकास उघडतंय. या, चहा घ्या, इथनं सोडा."

तिसऱ्या फोनला ते हसले नाहीत. "त्या निवासी शाळेच्या फॉर्मची मुदत सप्टेंबरातच संपतीय. पटावर असल्याशिवाय मला फॉर्म भरता येत न्हाई. एक तर सोडा, न्हाई तर तुम्ही तिकडनं भरा. भरताय ना?"

"बघतो," मी म्हणालो.

मला फॉर्म भरता आला असता. माझ्याच पटावर होती ती. पण फॉर्मला तिचा फोटो हवा, बापाची सही हवी, आणि ती इथेच शिकते व इथेच राहते असं मी लिहून द्यायचं. गुऱ्हाळावर फोन करून बापाला बोलावलं असतं तर तो चार माणसांत कुठून आला ते सांगून बसला असता. फॉर्मचं मला सुचलंच नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. सुचलं होतं. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी मी फॉर्मचं पान उघडून तिचं नावही टाकलं होतं. मग पान बंद केलं.

हे सगळं मी बाईंसाठी केलं, असं म्हणायची सोय आहे. बाईंनाही ते कळलं होतं. एकदा त्यांनी विचारलं, "सर, ती पोरगी गेली ना?" मी म्हणालो, "पटावर आहे."  दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी डब्यात पुरणपोळ्या आणल्या. मी खाल्ल्या. पण खरं सांगायचं तर बाई गेल्या असत्या तर पहिली-दुसरी माझ्या गळ्यात पडली असती. मग चारला निघून मुलाला शिरूरच्या क्लासला सोडणं मला जमलं नसतं. ते कारण मी कोणाला सांगितलं नाही. लोक मला बाईंचा आधार समजत होते, ते समजू दिलं.

सप्टेंबर संपला. पट एकसष्ट धरला गेला आणि तिसरं पद टिकलं. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात टाकून चौकात चहा पाजला. "इज्जत राखली गुर्जी." ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी ती विनंती मंजूर केली. एक क्लिक, लाल आकडा गेला. दाखल्याचा कागद तेवढा द्यायचा राहिला. बाप येतो म्हणाला, तर मीच म्हणालो, "तू नको येऊस, मी आणून देतो." त्याला केवढं कौतुक वाटलं.

दिवाळीनंतर बाईंची बदली झाली. पती-पत्नी एकत्रीकरणात त्यांना बारामतीकडची शाळा मिळाली. निरोपाला त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आमच्या शाळेच्या फलकावर आता मंजूर पदं तीन आणि कार्यरत दोन असं आहे. इतक्या खटपटीने मी एक रिकामी खुर्ची वाचवली. पहिली-दुसरी माझ्या गळ्यात पडलीच.

दाखला मात्र माझ्या पिशवीतच होता. आज जाऊ, रविवारी जाऊ, असं करत जानेवारी उजाडला. निवासी शाळेची परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा मी एकदाचा निघालो. बरोबर तिच्यासाठी एक कंपासपेटी घेतली होती. चौफुल्यावरून सोलापूर रस्त्याला लागलो. कासुर्डीच्या अलीकडे गुऱ्हाळांचा धूर दिसू लागला तसा मी वेग कमी करत गेलो. तिथून शाळेपर्यंतचं अंतर मी फार वेळ लावून कापलं.

शाळा दोन खोल्यांची. फोनवरचे मुख्याध्यापक व्हरांड्यात उन्हाला बसून तिसरीच्या वह्या तपासत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"उघडलं का पोर्टल?"

मी खाली बघितलं. मग धीर करून विचारलं, "तुमचा पट किती भरला सर?"

"चाळीसच्या आत. दोघं मास्तर. तुमची पोरगी आली काय न् न आली काय, आम्हाला पदाचा फरक न्हाई." त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "हुशार दिसली म्हणून मागत हुतो."

इतके दिवस मी समजत होतो की त्यांनाही कोणीतरी एकसष्टावं हवं आहे. आपल्यासारखाच माणूस आहे म्हटल्यावर मला जरा बरं वाटायचं. ते बरं वाटणंही तिथे संपलं.

त्यांनी आत हाक मारली. ती धावत आली. उंच झाली होती. अंगावर अजून आमच्याच शाळेचा गणवेश होता. मला पाहून तिचा चेहरा असा फुलला की मी बघू शकलो नाही. तिची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली.

"सर, हॉलतिकीट आणलं?"

मुख्याध्यापक हळू आवाजात म्हणाले, "मीच सांगितलं हुतं तिला. नाव तिकडं हाय, तुझं सर भरतील म्हणून. रोज पेपर सोडवतीय."

"फॉर्म भरायचा राहिला," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"तुझा. माझ्याकडून राहिला."

 मग तिने कागद मागितला. हा दाखला आहे, असं मी सांगितलं, तरी तिने हात मागे घेतला नाही. तिने तो वरपासून वाचायला सुरुवात केली, बोट ओळीखाली धरून, मी शिकवलं होतं तसं. नाव बरोबर होतं. जन्मतारीख बरोबर. वर्तणूक चांगली. शाळा सोडल्याची तारीख आली तशी ती थांबली.

"सर, हे चुकलंय. मी ऑक्टोबरला न्हाई सोडली. मी नारळी पुनवेच्या आधी आले इकडं."

मुख्याध्यापक वह्यांत डोकं घालून बसले. मी कंपासपेटी तिच्या हातात दिली. तिने ती उघडली, नवी पेन्सिल काढली आणि कागद गुडघ्यावर धरला.

"दुरुस्त करून देऊ सर?"

दाखल्यावर खाडाखोड चालत नाही, असं मी तिला सांगितलं. त्या सगळ्या महिन्यांत मी तिच्या बाबतीत पाळलेला नियम हा एवढाच.