शरीफामावशीचा खवीस

खवीस लागलेल्या बाईच्या घरी शरीफामावशी आली की आधी मटकन खाली बसायची आणि स्वतःचे गुडघे चोळायची. आत बाई घुमत असायची, केस मोकळे, डोळे तांबारलेले, घरची माणसं हात जोडून दारात. आणि मावशी म्हणायची, ‘‘जरा दम खाऊ द्या. तो काय कुटं पळून जात न्हाई.’’ मग कोणीतरी तिला गुळाचा चहा आणून द्यायचं. तो ती बशीत ओतून, फुंकर घालून, सावकाश प्यायची. तिची ही सवय ठाऊक असल्याने चूल विझवायची नाही, हे प्रत्येक घराला माहीत होतं.

कार्ल्याच्या डोंगराखाली, भाताच्या खाचरांना लागून आमचं गाव. मी लोणावळ्याहून लग्न होऊन इथे आले. चार इयत्ता शिकले होते, ते सासरच्यांना माझ्यातलं एक व्यंगच वाटे. आल्या आल्या मला इथली भुतं समजावून देण्यात आली, कारण डोंगरात त्यांची काही कमी नव्हती. डोहात साती आसरा होत्या. ओटी भरली की त्या गप्प बसत. देवळामागच्या पिंपळावर मुंजा होता. त्याचं लग्न राहून गेलेलं, म्हणून तो लग्नघरांनाच छळायचा. खिंडीत चकवा होता, तो वाटसराला एकाच जागी गरगर फिरवायचा. या सगळ्यांचं बघायला गावचा भगत होता. पण डोंगराच्या सोंडेवरच्या जुन्या हिरड्यावर खवीस होता, आणि खवीस मुसलमान असतो असं सगळेच मानत. भगताचे मंत्र त्याला कळत नसत. आणि गावात मुसलमानाचं घर एकच होतं, शरीफामावशीचं.

मावशी बांगड्या भरायची. नवरा होता तोवर दोघं पेटी घेऊन गावोगाव हिंडत. तो गेल्यावर ती एकटीच हिंडू लागली. ती नवी नवरी म्हणून गावात आली त्याच वर्षी माझ्या सासऱ्यांची चुलती घुमायला लागली होती. म्हातारी माणसं हिच्या दारात आली आणि म्हणाली, ‘‘तुमच्यातला हाय. तुमीच समजवा.’’ ही गोष्ट सांगताना मावशी इतक्या वर्षांनंतरही वैतागायची. ‘‘आगं, मी सुदुंबऱ्याची. ह्यो डोंगर मी पयल्यांदाच बघत हुते. त्याची न माझी वळख कुठली?’’ पण नवरा म्हणाला, बोलावलंय तर जा, आपल्याला याच गावात राहायचंय. ती हिरड्याखाली जाऊन बसली. कोणी दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. वारा बरा होता म्हणून ती अंमळ जास्तच बसली. खाली येऊन काहीतरी सांगायला हवं, म्हणून म्हणाली, ‘‘तो म्हनतो, हिला निजू द्या.’’ चुलतीला निजू दिलं. ती उठली ती बरी होऊनच. तेव्हापासून हे काम मावशीच्या गळ्यात पडलं.

खवीस लागायचा तो बायकांना, लाकडांसाठी डोंगर चढणाऱ्यांना. पुरुष त्याच झाडाखाली तंबाखू मळत बसत. त्यांच्या वाटेला तो कधी गेला नाही. मावशी आत गेली की बाईचा हात हातात घ्यायची. वर्षानुवर्षं बांगड्या भरून तिला गावातल्या प्रत्येकीचं मनगट पाठ झालं होतं. संक्रांतीला जी बांगडी चढताना रडू आणायची ती आता कोपरापर्यंत सरकते आहे, हे तिला न विचारता समजे. मग ती काठी टेकत डोंगर चढायची, आणि खाली येऊन निरोप सांगायची. ताईत नाही, अंगारा नाही, लिंबू नाही. नुसता निरोप.

माझी थोरली जाऊ यमुना. तिचं मूल जन्मतःच गेलं. रडायलाही तिला कोणी फारसा वेळ दिला नाही, कारण कापणी तोंडावर होती. एके दिवशी ती डोंगरावरून आली, मोळी अंगणात आपटली आणि जाड्या आवाजात सासूबाईंना शिव्या घालू लागली. आमच्या घरात सासूबाईंना असं बोलायची हिंमत जिवंत माणसात नव्हती, त्यामुळे हा खवीसच, याबद्दल कुणाला शंका उरली नाही. सासूबाई मिरच्यांची धुरी द्यायला निघाल्या होत्या. मामंजींनी त्यांना थांबवून मावशीला बोलावलं.

मावशी डोंगरावर जाऊन आली आणि उंबऱ्यात टेकली. ‘‘लय चिडलाय,’’ ती म्हणाली. ‘‘म्हैनाभर हिला माहेरी धाडा म्हनतो. डोक्यावर वझं न्हाई, हंडा न्हाई. आन रोज तूपभात.’’

मामंजी जरा चाचरले. ‘‘तूपभात कुनाला? त्याला का हिला?’’

‘‘तो हिच्याच तोंडानं खानार न्हवं, आबा.’’

‘‘खविसाला तूप लागतं?’’

‘‘आमच्यातला हाय. खायाप्यायाचा शौकीन,’’ मावशी म्हणाली, आणि गुडघे चोळू लागली.

यमुना माहेरी गेली आणि माणसात येऊन परत आली. पुढे दुसऱ्या कुणाला खवीस लागला तेव्हा मावशीला डोंगर चढायला हात द्यावा म्हणून मी सोबत गेले होते. हिरड्याखाली ती पाय पसरून, झाडाला टेकून बसली. मी विचारलं, ‘‘मावशी, खरंच बोलतो का गं तो?’’

‘‘ठावं न्हाई बाई. मी आपली बसते. हितं मला कोन हाक मारत न्हाई, एवढं बरं हाय.’’ थोड्या वेळाने डोळे मिटूनच ती म्हणाली, ‘‘समद्यांना लागतो, मला मातुर कदी लागला न्हाई. लागला आसता तर मीबी निजले आसते.’’

मी हसले. ती हसत नव्हती, म्हणून मग मीही थांबले.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू झाली तसा बांगड्यांचा माल मिळेना. मावशीचे गुडघे तर आधीच गेले होते. लेक जैनू वराळ्याला दिलेली, तिचे निरोपावर निरोप येत की आई, आता इकडे ये आणि खाटेवर पडून राहा. मावशीला दुसरं काही नको होतं. पण मळवली स्टेशनपर्यंत चालणं तिच्याने होणार नव्हतं, आणि बैलगाडी होती मामंजींची. ती विचारायला आली की मामंजी मानाने घोंगडी पसरत आणि म्हणत, बैल नांगराला गुंतलेत. पुढच्या खेपेला बैल लंगडत असे. त्याच्या पुढच्या खेपेला चाकाची लोखंडी धाव निखळलेली असे. नाही, असा शब्द त्यांनी एकदाही काढला नाही. एकदाच मनातलं बोलले, ‘‘मावशी, तुमी गेल्यावर त्याला कोन आवरनार?’’

‘‘आबा, त्याचंबी वय झालं, माझंबी झालं,’’ मावशी म्हणाली. घोंगडीवरून उठायला तिला माझा आणि यमुनेचा, दोघींचा हात लागला. असं करता करता वर्ष सरलं, आणि त्या वर्षातही बोलावणं आलं की ती डोंगर चढतच होती. माणूस एवढं दमलेलं असू शकतं हे मी तिच्याकडे बघून शिकले.

भाताची झोडणी चालली होती त्या दिवसांत, एका दुपारी ती पुन्हा खळ्यावर आली. मामंजी तिला बघून म्हणाले, ‘‘बैल तर आज–’’ आणि यमुनेने हातातली पेंढी भिरकावून दिली. तिचा अंबाडा सुटला. तोच जाडा आवाज आला.

‘‘गाडी जुंप. म्हातारीला लेकीकडं धाड. आन मीबी तिच्यासंगं चाललो. ह्या गावात परत यायचा न्हाई.’’

मला यमुनेचं तोंड दिसत होतं. ते सोंग होतं की खरं, हे मी तिला पुढे कधीच विचारलं नाही. मामंजी बैलांकडे धावले. लंगडणारा बैल मुकाट्याने जुवाखाली आला. घाबरली ती मावशी. मी तिला घाबरलेली त्या एकाच वेळी पाहिली. ‘‘आबा, त्याला ऱ्हाऊ द्या हितं,’’ ती म्हणाली. ‘‘मी एकटी जाते. त्याला नगा घालवू.’’

‘‘न्हाई न्हाई, त्याला घेऊनच जावा,’’ मामंजी घाईघाईने म्हणाले.

मावशीने यमुनेचं मनगट धरलं आणि हळूच विचारलं, ‘‘का गं आसं बोललीस?’’ मावशी कशाला भ्याली ते मला त्या वेळी कळलं नाही. गाडीची अर्धी बैठक घोंगडी अंथरून खविसासाठी मोकळी सोडली होती, आणि उरलेल्या जागेत मावशी अंग चोरून बसली. गाडी शिवेपार गेल्यावर पुरुषांनी नारळ फोडला.

त्यानंतर आमच्या गावात खवीस कुणाला लागला नाही. पुढच्या कापणीला यमुना तापाने फणफणून, डोकं धरून, डुलत बसली होती. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तो तर गेला वराळ्याला. आता ही कसली नाटकं?’’ यमुना उठली आणि विळा घेऊन निघाली. सासूबाई दुष्ट होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना खविसाचं खरंच भय वाटायचं. दमलेल्या बाईचं भय वाटावं असं त्यांच्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं, आणि त्या स्वतः तशाच राबत म्हाताऱ्या झाल्या होत्या.

काही पावसाळ्यांनी मावशी गेल्याची बातमी आली. तळेगावच्या बाजारात जैनू आमच्या गावच्या एकाला भेटली होती. आई इथे आली ती नुसती झोपायची, ती म्हणाली. जेवायला उठवावी लागे, दोन घास खाऊन पुन्हा कुशीवर वळायची, आणि तशी झोपेतच गेली. मी हे यमुनेला पाणवठ्यावर सांगितलं तेव्हा ती हंडा घासत होती.

‘‘निजली म्हनायची,’’ ती म्हणाली, आणि बराच वेळ घासत राहिली. मग वर न बघताच तिने विचारलं, ‘‘आन त्यो?’’

‘‘कोण?’’

‘‘त्योच की. आता मोकळाच आसंल. हिकडं यील का गं परत?’’

कित्येक दिवस मीही मनात तेच धरून होते. आम्ही एकमेकींच्या डोक्यावर हंडे चढवले आणि घराकडे निघालो.