मागच्या चाकात गुंडाळलेला काठ

आधीच सांगतो, आमच्या गल्लीत भुताखेतांच्या नावानं सगळ्यात जास्त दात काढणारा माणूस मीच. आईनं दाराला बांधलेलं लिंबू सोडवून त्याचं सरबत करून प्यालेला माणूस आहे मी. त्यामुळे 'मनाचे खेळ असतात हो' असं कमेंटमध्ये शिकवायला येणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचा. ते सगळं मी स्वतःला शिकवून झालंय... उपयोग झाला नाही.

मी बेळगावचा, वडगावात राहतो. घर विणकराचं. पुढं दोन खोल्या, मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये पॉवरलूम. वडील, म्हणजे आमचे आप्पा, गेल्यावर एक माग विकला. दुसरा आई अजून चालवते. मी मागावर बसत नाही, उद्यमबागेत एका कारखान्याच्या स्टोअरला आहे. नटबोल्ट मोजून देणारा माणूस, पिळणारा नव्हे. हे अशासाठी सांगितलं की गाडी दुरुस्त करण्यातलं मला शष्प कळत नव्हतं.

तरी गाडीचा किडा डोक्यात शिरला तो बायकोमुळे. रेखाचं माहेर निपाणी. आणि तिला बस लागते. लागते म्हणजे बेळगावाबाहेरची काकती मागं पडायच्या आत पिशवी उघडते. माहेरी पोचेपर्यंत पोरीचा पार चोथा झालेला असतो, सासूबाई दारात लिंबू घेऊनच उभ्या. उघड्यावर, वाऱ्यात मात्र तिला काही होत नाही. एकदा ती म्हणाली, "अहो, एकदा तरी हसत उतरायचंय ओ मला निपाणीत." तेवढंच. माझ्या जिवाला लागलं ते.

निपाणीतच मिळाली गाडी. हायवेच्या कडेला तंबाखूच्या वखारीमागं एक भंगारचं दुकान आहे. तंबाखूच्या खकाण्यानं शिंकत शिंकत मी आत फिरत होतो आणि ती दिसली. जुनी टू-स्ट्रोक, टाकीला पोचे आलेले, सीट फाटलेलं. भंगारवाला म्हणाला, "इंजान मोकळं हाय बगा. मागचं चाक तेवढं जाम हाय. तेल सोडा, फिरतंय."

"कुणाची होती?"

"लॉटात आल्ती. भंगाराला कोण गाव इचारतंय व्हय?"

टेंपोत घालून आणली. आईनं दारातच कपाळाला हात लावला. "हे कुणाचं मढं आणलास रं घरात?"

पुढचे काही रविवार मजेत गेले. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, त्यातला माणूस स्क्रू काढेल तसा आपण काढायचा. कार्बोरेटर सोडवून त्याचे भाग मी जेवायच्या ताटात रॉकेलमध्ये भिजत घातले, त्यावरून दोन दिवस घरात अबोला. टाकी काळी करायची, हँडल खाली बसवायचं, सीट सपाट... रेखा कौतुकानं बघायची आणि टोमणेही मारायची. "एवढी सेवा माझी केली असती तर बरं झालं असतं."

मग मागच्या चाकाची पाळी आली.

चाक जाम होतं ते गंजामुळे नव्हे. चाकाच्या मधोमध हबवर, चेनच्या चकतीला लागून, कापड गुंडाळलं गेलं होतं. घट्ट, ग्रीसनं काळं झालेलं, दगडासारखं. मागच्या फूटरेस्टची — पाय ठेवायच्या दांड्याची हो — एक बाजू वाकलेली होती, ते तेव्हा लक्षात आलं. मी ब्लेड लावणार एवढ्यात आई ओरडली.

"थांब! गुंत्याला ब्लेड लावायचं नसतं. टोक हुडकायचं."

विणकराच्या घरात हा नियम आहे. सूत गुंतलं की कापत नाहीत, टोक सापडेपर्यंत बसतात. आई खरंच मांडी घालून बसली चाकापाशी. दुपार गेली तिची. निघालं काय, तर हातभर लांबीचा साडीचा काठ. तिनं तो शिकेकाईत धुतला, पुन्हा धुतला, आणि उन्हात धरून बघत राहिली. लाल, रुईफुलाचा. आणि लालात एकच काळा धागा, अगदी कडेनं.

"ह्यो तुज्या आप्पाचा काठ हाय," आई म्हणाली.

आप्पांची ती सवय होती. दृष्ट लागू नये म्हणून प्रत्येक काठात एक काळा धागा. दुसरं कुणी घालत नसे. आई रडली हो. इतक्या वर्षांनी नवऱ्याच्या हातचं काम सापडलं म्हणून रडली, आणि मलाही भरून आलं. ते कापड त्या चाकात गेलं कसं, हा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही. आज त्याचंच नवल वाटतं.

चाक मोकळं झालं. दुसऱ्या दिवशी बघतो तर हबवर लाल धागा गुंडाळलेला. एकच फेरा. म्हटलं मागाच्या शेडमध्ये सूत उडणारच. काढला. पुन्हा आला. काढला, पुन्हा. आता गंमत अशी की त्या दिवसांत आईच्या मागावर पिवळा ताणा, म्हणजे उभं सूत, चढवलेला होता. काठही पिवळाच. लाल सूत घरात नव्हतंच.

"उंदीर आणालाय कुठनं तरी," मी म्हटलं.

"उंदीर गुंडाळतोय व्हय ओ?" रेखा म्हणाली. हसली नाही ती.

तेव्हा पहिल्यांदा मी घाबरलो. पण साध्या गोष्टीला. ह्या गाडीवर रेखा बसणार, साडी नेसून, पाय एका बाजूला टाकून. लुकसाठी म्हणून साडी गार्ड लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, ते रद्द केलं. उद्यमबागेतल्या वेल्डरकडून जाड सळीचा, बारीक जाळीचा गार्ड करून घेतला. चेनला बंद कव्हर केलं. त्या चाकात बोटसुद्धा जाणार नाही असं करून टाकलं. धागे यायचेही बंद झाले. मी निश्चिंत.

पावसाळा संपता संपता आईनं नवा ताणा घेतला. हिरवं अंग, लाल काठ. आप्पांच्या नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे तिनं माळ्यावर जपून ठेवले होते, ते काढले. "तुज्या आप्पाचा काठ परत चालू करतो बग," म्हणाली. (आमच्याकडं बायकाही 'करतो', 'आलो'च म्हणतात.) पहिली साडी सुनेला. माग पुन्हा जोरात वाजायला लागला आणि घराला घरपण आल्यासारखं झालं.

एका दुपारी मी सुट्टीवर होतो. गाडी शेडमध्येच, मधल्या स्टँडवर. आई विणत होती, मी टाकी पुसत होतो. बघतो तर मागचं चाक फिरतंय. हळूहळू. इंजिन बंद, हात लावलेला नाही. मागाचा धागा तुटला, माग थांबला... चाक थांबलं. आईनं धागा जोडून माग चालू केला, चाक पुन्हा फिरायला लागलं.

म्हटलं जमीन हादरते, हादऱ्यानं फिरत असेल. पण ते उलटं फिरत होतं. मागावर विणलेलं कापड गुंडाळून घेणारा रूळ फिरतो ना, त्याच चालीनं. मी आईला हाक मारली. तिनं वळून बघितलं, माग बंद केला. मग म्हणाली, "वारं असंल." शेडमध्ये वारं येत नाही. पंख्यानं धागे तुटतात म्हणून पंखासुद्धा नाही.

माझं चुकलं असं म्हणा, पण मी तेव्हा गाडी विकली नाही. बेअरिंगमध्ये काही असेल म्हणून बेअरिंग बदललं.

खंडेनवमीला मागाची पूजा झाली, गाडीची झाली, कोहळा फोडला. आईनं रेखाला साडी दिली. काय दिसत होती साडी! दसऱ्याला सकाळी सोनं द्यायला निपाणीला जायचं ठरलं. निघताना आईनं रेखाच्या निऱ्यांना पिना लावल्या, पदर कमरेत खोचला, त्याला पिना, वरून स्वेटर. मी गार्ड हलवून बघितला, चेनचं कव्हर बघितलं. दोघांना हेल्मेट. ह्याच्यापेक्षा जास्त काय करतो हो माणूस?

काकती मागं पडली तशी रेखा मागून ओरडली, "काकती गेली बगा, आन् पिशवी न्हाई!" हायवेभर बडबडत होती. संकेश्वरला चहा घेतला. निघताना मी पुन्हा खाली वाकून सगळं तपासलं. इतकी वर्षं ह्या रस्त्यानं मान खाली घालून गेलेली बाई डोंगर बघत चालली होती. मी आयुष्यात एवढा खुश नव्हतो.

तवंदी घाट उतरला की निपाणी. उताराला लागलो आणि गाडी जड झाली. उतारावर, लक्षात घ्या. ॲक्सिलरेटर पिळला तरी ओढेना. मागं तिसरं कुणी बसावं तशी मागची बाजू खाली दबलेली.

"अहो," रेखा म्हणाली, "कोण ओढालंय मला."

"पदर बघ!"

"पदर न्हवं ओ... खालनं. काठाला."

मी ब्रेक लावला, चावी बंद केली. इंजिन बंद झालं. चाक थांबेना. मग एक हिसका बसला आणि गाडी एकदम हलकी झाली. मागून ट्रकचा ब्रेक किंचाळला.

रेखा रस्त्यावर पडली होती. ट्रक तिच्यापासून हाताच्या अंतरावर थांबलेला. हेल्मेटनं डोकं वाचलं, खांद्याचं हाड आणि कोपर गेलं. शुद्धीवर होती. ट्रकवाल्यानंच उचलून निपाणीच्या दवाखान्यात पोचवलं, देव त्याचं भलं करो. मी मागं वळून गाडीकडं बघितलं तर हबवर लाल कापड गुंडाळलेलं, गच्च.

संध्याकाळी आई आली. गाडी तोवर सासऱ्यांच्या अंगणात आणून ठेवली होती. चाक आम्ही दोघांनी उघडलं. आता जे सांगतो ते विणकरांना जास्त कळेल, पण बाकीच्यांनीही नीट वाचा.

साडी गार्डला ओरखडा नव्हता. चेनचं कव्हर बंद होतं. दवाखान्यात नर्सनं काढेपर्यंत पिना सगळ्याच्या सगळ्या लावलेल्या होत्या, एक वाकलेली नाही. आईनं टोक हुडकलं आणि उकलत गेली. निघाला फक्त काठ. साडीचा खालचा काठ, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. मग तिनं रेखाची साडी मागवून घेतली. साडी कुठं फाटलेली नव्हती. खालची कड आईनं बोटांत धरून पुन्हा पुन्हा चाचपली.

काठ आणि अंग एकाच आडव्या धाग्यात विणलेलं असतं. काठ वेगळा करायचा तर तो प्रत्येक धागा तोडावा लागतो, दशा निघतात. इथं एक धागा तुटलेला नव्हता. प्रत्येक धागा कडेला जाऊन सुबक वळून परत आलेला. ती साडी मागावरूनच बिनकाठाची उतरली आहे, असं कुठलाही विणकर शपथेवर सांगेल. आणि आदल्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी तिला काठ बघितला होता! फोटो आहेत माझ्याकडं.

तेव्हा आईनं सांगितलं. चाकातून निघालेल्या त्या जुन्या तुकड्याचे धागे सोडवून तिनं नव्या काठात एकेक सरकवला होता. शकून म्हणून. "तुज्या आप्पाचा हात लागलेलं सूत हाय रं... वाया कसं घालवू?"

दवाखान्यातून माहेरी आणलेली रेखा आतल्या पलंगावरून ऐकत होती. हात गळ्यात बांधलेला. ती सासूला कधी उलटून बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. "आत्ती, तुमी इणणाऱ्याचं बगितलासा. नेसणारीचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "ती मला ओढत नव्हती ओ. तिचा काठ ओढालती. मी मधी आलो."

ती म्हणजे कोण, मला माहीत नाही. भंगारवाल्याकडं तीनदा जाऊन आलो, त्याला खरंच काही आठवत नाही. जुनी कागदपत्रं एका पुरुषाच्या नावावर, त्या पत्त्यावर आता दुसरेच लोक राहतात. गाडी तोडून लोखंड भट्टीत गेलं, मी उभा राहून वितळताना बघितलं. तो काठ आणि जुन्या तुकड्याचं उरलेलं सूत आईनं नदीत सोडलं. मी ह्या सगळ्याचं कारण शोधून शोधून दमलो. नाही सापडत.

हे सगळं चव्हाट्यावर मांडायचं एकच कारण. एका ताण्यात एकच साडी निघत नाही. बाकीच्या साड्या आईनं दसऱ्याच्या आधीच शहापुरातल्या दुकानात दिल्या होत्या. मी पळत गेलो. दुकानदार म्हणाला, "सणाचं गिऱ्हाईक, कुणाकुणाचं सांगू? कॅम्पातली एक मिलिटरीवाल्याची बाई होती, गडहिंग्लजची होती, कोल्हापूरची तर लई होती. हातोहात गेल्या की." हिरव्या अंगाच्या, लाल रुईफुली काठाच्या, कडेला एक काळा धागा असलेल्या साड्या.

घरी येऊन मी आईला विचारलं, जुना धागा कितीत घातलास?

"सगळ्यात," ती म्हणाली.

हसणाऱ्यांनी खुशाल हसा. पण आधी उठा आणि बायकोचं कपाट उघडून बघा.