सोनाबाईचं लाटणं आणि बेटावरचा तुतवार

सोनाबाई मूळची करंजाची, लग्न होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात आलेली. सुकटीच्या वासात वाढलेली बाई, नाक मुरडणं तिला ठाऊक नव्हतं. पण पोरगा शैलेश बोटीवरून घरी आला, त्यानं एक गोष्ट सांगितली, आणि बाईला उमासेच यायला लागले.

शैलेश परदेशी बोटीवर आचारी. बोट पार पॅसिफिकच्या मधोमध, तुआमोटू बेटांना तांदूळ-पीठ पोचवायची. तिथला एक तुतवार पक्षी जगात दुसरीकडे कुठे म्हणून नाही. वीतभर पाखरू, माणसाच्या पायाशी येऊन उभं राहतं. पळायची अक्कलच नाही. बेटावर उंदीर शिरला की अंडी-पिल्लं फस्त. गेल्या चतुर्थीला नेमकी पोती उतरवताना शैलेशला उंदीर दिसला. हातात आईनं दिलेलं पुऱ्यांचं लाटणं होतं, त्यानंच ठेचला.

"चतुर्थीला? बाप्पाचं वाहन? आनि माज्या लाटन्यानं?"

"धुतलं ना मंग, आई. पाखरं मेली असती."

"पाखरं! आपल्या खाडीच्या चिखलात तसली ढीगभर नाचतात."

"ती येगली. ही फकस्त तिथंच हायत."

"मंग तिथंच ऱ्हायचास!"

लाटणं उकिरड्यावर गेलं. त्याच लाटण्याच्या पुऱ्या खाल्लेले खलाशी आठवून बाई थुंकली. नवरा गेल्यापासून गणपतीत आरतीचं ताट शैलेशच धरायचा. यंदा ताट नाही नि मखराजवळ यायचंही नाही, असं तिनं अख्ख्या आळीला ऐकवलं. पोरगा हिरमुसून उंबऱ्याबाहेर बसला, बोंबलासारखं तोंड लोंबवून.

सोनाबाईनं स्वतः ताट उचललं, कापूर पेटवला, आणि मखरामागून तो आला. गटारातून थेट आलेला, ओलाकच्च, लठ्ठ उंदीर. शेपूट वरणात, तोंड मोदकात. घाणीचा असा भपकारा, की बाईनं पदर नाकाला लावला.

"शैल्या! मार त्याला!"

"आई, बाप्पाचं वाहन हाय," उंबऱ्यावरून शांतपणे उत्तर.

"वाहन गेलं खड्ड्यात! आत ये मेल्या!"

शैलेश आत आला. टोपली घातली, वर पाट ठेवला. टोपलीतली खुडबुड ऐकून बाईच्या अंगावर शहारे आले.

"खाडीकडं नको सोडू," ती पदराआडून म्हणाली. "तिथं चिखलात पाखरं असतात."

शैलेश हसला.

"दात काय काढतोस? आंगोल कर आदी. तसाच ताटाला हात लावलास तर बघ!"