काकासाहेबांच्या मानाचा डबा

चहा घ्या आधी, गार होतोय. आज तुम्हाला माझा एक गाढवपणा सांगतो. माणूस चुकतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विचारपूर्वक, घरातल्या सगळ्यांचा मान राखून चुकायचं असेल, तर ते आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी लोकांनाच जमतं.

मध्यप्रदेशाचे दोन तुकडे होत होते, तेव्हाची गोष्ट. छत्तीसगड वेगळं निघणार होतं. सरकारी कचेऱ्यांमधली टेबलं-खुर्च्या दोन राज्यांत वाटली जाणार होती, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. कोण ग्वाल्हेरला राहणार आणि कोण रायपूरला जाणार, याशिवाय आमच्या कचेरीत दुसरं काम होत नव्हतं. तसं आधीही फार होत होतं असं नाही.

मला रायपूरला जायचं नव्हतं. सरळच सांगतो, मला भीती वाटत होती. जयेंद्रगंजातलं घर, सुधाची म्हणजे माझ्या बायकोची शाळेतली नोकरी, संध्याकाळी महाराज बाड्यावर एक चक्कर. माझं जग एवढंच. अशात कुणीतरी बातमी आणली, की ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला आमचे साहेब इथून हलू देणार नाहीत.

मला कॉम्प्युटर येत होता का? कचेरीतल्या कॉम्प्युटरवरचं कापड झटकताना मी दोनदा पाहिलं होतं. माझं शिक्षण तिथपर्यंत झालेलं होतं.

ठरवलं, घरीच एक घ्यायचा आणि शिकायचा. तेव्हा तयार कॉम्प्युटर घेणाऱ्याला लोक अडाणी समजत. शहाणा माणूस सुटे पार्ट आणून घरी जोडायचा. म्हटलं, आपणही शहाणे होऊ. आणि ही गोष्ट नातेवाइकांत फुटली.

आता आमच्यात एक खोड आहे. पूर्वज दरबारात होते. दरबार गेला, पण कोणी कुठे बसायचं हे आम्हाला अजून ठरवावं लागतं. काकासाहेब, म्हणजे माझे थोरले चुलते, घरी येऊन म्हणाले, "एवढी मोठी वस्तू घरात येते आहे, आणि आम्हाला विचारलं पण नाही? आमच्याकडून काही तर लागेल."

सुधाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "त्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय असतं?"

"प्रोसेसर."

"केवढा असतो?"

"हातात मावतो."

"मग तो काकासाहेबांना नका सांगू, त्यांना वाईट वाटेल. सगळ्यात मोठं काय असतं?"

"वरचा लोखंडी डबा. कॅबिनेट."

"मग तोच त्यांच्या मानाचा."

झालं. काकासाहेब त्याच दिवशी पाटणकर बाजारात गेले आणि दुकानातला सर्वांत अवजड डबा घेऊन आले. किती वर्षं तो तिथे पडून होता कोण जाणे, पण दोन माणसांनी उचलून आणला म्हणून काकासाहेब खूश होते.

प्रोसेसरचा मान माझ्या साडूंनी, दिल्लीच्या अरविंदरावांनी घेतला. "दिल्लीत आपली ओळख आहे, मी बोलून ठेवलं आहे," म्हणाले. ते ऐकून सुधाचा इंदूरचा भाऊ विनू उठला. "मग मदरबोर्ड मी आणीन, जिजाजी. तुम्ही टेन्शनच नका घेऊ."

आता तुम्ही म्हणाल, प्रोसेसर ज्या बोर्डावर बसतो तो आणणाऱ्याने, आणि प्रोसेसर आणणाऱ्याने, एकमेकांना एक फोन करावा की नाही? मी सुचवलं होतं. अरविंदराव म्हणाले, "मी विनूला विचारू? मी त्या घरचा थोरला जावई आहे." विनू म्हणाला, "त्यांनी फोन केला तर सांगीन न. मी कशाला करू?"

आणि मी दोघांना विचारावं, तर आहेराच्या साडीचा रंग कुणी आधी विचारतं का? मी तो विषयच सोडून दिला. सगळ्यांचा मान राहिला होता. कॉम्प्युटर पण राहून जाईल, हे डोक्यात आलं नाही.

तिकडे कचेरीत वेगळंच चाललं होतं. शेजारच्या टेबलावरच्या दुबेजींनी विचारलं, "करकरे जी, सुना है आप घर में कंप्यूटर बना रहे हैं?"

"बस, पार्ट आ रहे हैं," मी म्हणालो. यात एक शब्द खोटा नव्हता. पण आठवड्याभरात मी कॉम्प्युटर 'बनवणारा' माणूस झालो. एक दिवस कचेरीतला कॉम्प्युटर सुरू होईना, तर साहेबांनी मलाच बोलावलं. मी गंभीर चेहरा करून मागे वाकलो. नशिबाने प्लग सैल होता. मी तो दाबला आणि पडदा उजळला. साहेब दुबेजींना म्हणाले, "देखा? इसको कहते हैं नॉलेज."

इथे खरं सांगून टाकायला हवं होतं. पण कौतुक चालू असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

खंडेनवमीला सगळे आमच्याकडे जमले. त्या दिवशी आमच्यात शस्त्रांची, अवजारांची पूजा असते. कॉम्प्युटर जोडायला यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला? बैठकीत चादर अंथरली. काकासाहेबांनी डब्याला हळदकुंकू लावलं. अरविंदरावांनी प्रोसेसर बाहेर काढला. गाण्यांच्या कॅसेटसारखा काळा, लांबट. विनूने मदरबोर्ड काढला. त्यावर प्रोसेसरची जागा होती बिस्किटाएवढी चौकोनी, बारीक भोकांची.

कॅसेट त्या बिस्किटावर आडवी ठेवून पाहिली. उभी ठेवून पाहिली.

"बोर्ड चुकीचा आहे," अरविंदराव म्हणाले.

"बोर्ड एकदम नवा आहे, भाईसाहेब. तुमचं मॉडेलच जुनं आहे."

"जुनं?" अरविंदराव असे बघत राहिले, की सुधाने घाईघाईने पाणी आणलं.

"भांडू नका," काकासाहेब म्हणाले. "दोन्ही माझ्या डब्यात ठेवा." ठेवायला गेलो, तर बोर्डाची भोकं डब्याच्या स्क्रूंशी जुळेनात. डब्यातून विजेची जी तार निघत होती, तिचं तोंड या बोर्डाला लागणारं नव्हतंच.

सुधा माझ्या कानाशी म्हणाली, "तिघं तीन घरची आणलीत, आणि एकाचीही पत्रिका नाही पाहिली. आता एक काहीतरी परत करा."

"कुणाचं?"

तिने तिघांकडे पाहिलं आणि ती पुऱ्या तळायला निघून गेली. मीही शहाणपण केलं. बोर्ड आणि प्रोसेसर डब्यात नुसते ठेवले, झाकण लावलं, वर झेंडूची माळ घातली. मंडळी श्रीखंड खाऊन समाधानाने लवंडली.

आणि संध्याकाळी साहेब आले. मीच त्यांना फराळाला बोलावलं होतं, हे त्या गडबडीत साफ विसरलो होतो. माळ घातलेला डबा पाहून ते हात चोळत म्हणाले, "तो यह है! ज़रा चालू करके दिखाइए, करकरे जी."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सर, आज पूजा में रखा है. हम लोगों में पूजा का औज़ार दशहरे तक छूते नहीं."

ही रीत खरीच आहे हो, काकासाहेबांनी लगेच मान डोलवली. साहेबांनी चक्क डब्याला हात जोडले. "इतना हुनर, और ऊपर से इतने संस्कार!" म्हणाले.

दसरा गेला, दिवाळी गेली, राज्य वेगळं झालं. डबा बैठकीत तसाच होता. मी निश्चिंत होतो, कारण आता मला इथून कोण हलवणार? मग एक दिवस साहेबांनी खोलीत बोलावलं. स्वतः खुर्ची दिली.

"करकरे जी, रायपुर में अभी कुछ भी नहीं है. ऐसा आदमी चाहिए जो अपने हाथ से सब खड़ा कर दे. मैंने आपका ही नाम भेजा है."

अब्रू गेली तरी चालेल म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. "सर, मुझे कंप्यूटर नहीं आता. घर वाला तो आज तक चालू ही नहीं हुआ."

साहेब हसले, उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. "यही बात तो आपकी सबसे अच्छी है, करकरे जी. घमंड बिल्कुल नहीं."

सुधा मागे राहिली, मी एकटा निघालो. निघताना ती म्हणाली, "तिथे गेल्या गेल्या पहिल्याच दिवशी खरं सांगून द्या, म्हणजे परत पाठवतील." मला पटलं. रात्रभर गाडीत मी वाक्य घोकत होतो.

रायपूरच्या कचेरीत पाऊल टाकलं, तर सगळे उठून उभे राहिले. कुणीतरी माझी बॅग घेतली. तिथले साहेब दारापर्यंत आले आणि म्हणाले, "आप वही करकरे जी हैं न, जो घर में कंप्यूटर बनाते हैं?"

लोक एवढे उभे होते हो. मी म्हणालो, "जी, वही."