कोपऱ्यात राहिलंय

आमच्या समोरच्यांइतका रिकाम्या रस्त्याला भिणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. लोक विंचवाला भितात, सापाला भितात, काही जण बायकोच्या माहेरच्यांना भितात. समोरचे मात्र दुपारी दोनच्या सुमाराला पेठेत चिटपाखरू दिसेनासं झालं की कासावीस व्हायचे. गल्ल्यावरून उठून पायरीवर यायचे, डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे आणि मग रस्त्यापलीकडून मला हाक मारायचे, "मास्तर, हाय का?" मी असायचोच. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान बरोबर त्यांच्या दुकानासमोर, आणि दुकान सोडून मी जाणार कुठे? मी आयुष्यात कुणाला एक अक्षर शिकवलेलं नाही, पण पाट्या-पेन्सिली विकतो एवढ्या भांडवलावर त्यांनी मला मास्तर करून टाकलं. मी त्यांना तोंडावर शेठ म्हणायचो. आमच्या घरात मात्र त्यांना 'समोरचे' याखेरीज दुसरं नाव कधी नव्हतं.

मिरजगावच्या जुन्या पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. हंडे, घागरी, परातींपासून लग्नाच्या पंगतीच्या पातेल्यांपर्यंत सगळं आढ्याला टेकेल असं रचलेलं, आणि त्या चळतींच्या मधल्या फटीत हा लहानखुरा माणूस नाव घालायचं मशीन मांडीवर घेऊन बसलेला. आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव हवं, ही आपल्याकडची रीत. बाकीचे भांडेवाले दोन मिनिटांत खरडून मोकळे होतात. समोरचे पाऊण तास घेत. एकदा एक बाई भाचीच्या लग्नासाठी घागर घ्यायला आली. 'मामीकडून' एवढंच टाका म्हणाली. यांनी विचारलं, "कंची मामी?" ती म्हणाली, "एकलीच हाय मी." "मग मामा किती?" "मामा बी एकच." "मग मामाचं नाव नको व्हय? भाची उद्या इचारंल, मामा रुसला हुता का?" तिथून जे सुरू झालं ते मामा खरोखरच रुसला आहे, दोन वर्षं बहिणीच्या दारात गेलेला नाही, इथपर्यंत पोचलं. बाईने पदराने डोळे पुसले. शेवटी घागरीवर मामाचं नाव आधी आणि मामीचं नंतर पडलं, मग बाईची एस.टी. चुकली, मग पुढची येईपर्यंत समोरच्यांनी तिला दोनदा चहा पाजला. मामा लग्नाला गेला की नाही, मला माहीत नाही. पण नाव जितकं लांब तितका वेळ माणूस समोर बसतो, हे त्या व्यापाराचं गमक मला तेव्हाच कळायला हवं होतं. आद्याक्षरं टाका म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तर ते सरळ हायवेवरच्या दुकानाचा पत्ता सांगत.

हायवे हे आमच्या पेठेचं दुखणं. आधी एक मोबाईलवाला तिकडे गेला, मग हॉटेलं, मग औषधवाला, आणि एक दिवस बघतो तर अख्खं गाव आमच्याकडे पाठ करून हायवेकडे तोंड करून बसलेलं. पेठेत उरलो आम्ही दहा-बारा जुनी खोडं. त्यातही एकोपा म्हणाल तर रामाचं नाव घ्या. जो तो सकाळी आपल्या दारातला केर झाडून शेजाऱ्याच्या हद्दीला लावायचा, शेजारी तो पुढे ढकलायचा, आणि दहा वाजेपर्यंत सगळा केर रस्त्याच्या मधोमध, कुणाचाच नाही असा पडलेला. कापडवाले आणि शेव-चिवडावाले यांच्यात तर एका केळीच्या सालीवरून सहा वर्षं अबोला होता. साल कुणाची, हे अजून ठरायचं आहे.

अशा मंडळींची समोरच्यांनी सभा भरवली. खुर्च्या नव्हत्याच, सगळ्यांना पालथ्या पातेल्यांवर बसवलं. कापडवाले देहाने प्रशस्त, त्यांना पंगतीचं पातेलं. मला माझ्या वकुबाप्रमाणे वरणाचं. कुणी तावातावाने बोलता बोलता उठला की पातेलं खणकन वाजे, आणि समोरचे म्हणत, "पोचला मुद्दा. बसा." पेठेत लोक का येत नाहीत यावर प्रत्येकाकडे उत्तर होतं, आणि प्रत्येकाच्या उत्तरात दोष दुसऱ्याचा होता. सगळ्यांचं वाजून झाल्यावर समोरचे म्हणाले, "उद्यापासनं कुनी आपल्या दारात झाडायचं न्हाई. समोरच्याच्या दारात झाडायचं."

कापडवाल्यांच्या समोर नेमके शेव-चिवडावाले. दोघंही एकदम उभे राहिले आणि दोन्ही पातेली वाजली.

मीही मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी दुकान उघडायला आलो, तर समोरचे खराटा घेऊन माझ्या पायरीपाशी वाकलेले. आता वयाने मोठा माणूस आपलं दार झाडतोय म्हटल्यावर काय करणार? मुकाट्याने खराटा घेतला आणि त्यांच्या दारात गेलो. झाडून पाठ सरळ केली तर ते पायरीवर उभे राहून बोट दाखवत होते. "मास्तर, कोपऱ्यात राहिलंय."

दुसऱ्याच्या दारातला केर ढकलायला हद्दच उरत नाही, ही त्यातली मेख आमच्या उशिरा ध्यानात आली. कापडवाले आठवडाभर फुरंगटून होते, पण चिवडावाले रोज त्यांचं दार आरशासारखं करून ठेवायला लागले, तेव्हा ते तरी किती दिवस तोंड फिरवून बसतील? नवव्या दिवशी कापडवाले म्हणाले, "पानी बी मारत जा जरा, धूळ उडतीय." सहा वर्षांतलं ते पहिलं वाक्य. चिवडावाल्यांनी त्या आनंदात अख्ख्या पेठेला शेव वाटली.

एकदा गाडा चालू झाला म्हटल्यावर समोरचे थांबतात कुठे! कडुलिंबाच्या फुटक्या पाराला सिमेंट लावून झालं. बाजाराच्या दिवशी बाया लगबगीने का पळतात, हे आम्हा पुरुषांपैकी एकट्या त्यांना सुचलं. "जायला जागा न्हाई, तर थांबतील कशाला?" असं म्हणून त्यांनी मागचं गोदाम रिकामं केलं आणि सगळ्यांच्या पैशातून तिथे बायकांसाठी स्वच्छतागृह उभं राहिलं. मग पाराजवळ पिण्याच्या पाण्याचं मोठं स्टीलचं पिंप आलं, आणि त्यावर दुकानांची नावं घालायची ठरताच जुनी पेठ पुन्हा जागी झाली. पहिलं नाव कुणाचं? पातेली वाजू लागली. समोरच्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि नावं पिंपाभोवती गोल घातली. "आता सांगा, पयला कोन अन् शेवटचा कोन?" म्हणाले. पाणी पिणाऱ्याला सगळी नावं वाचायची तर पिंपाला प्रदक्षिणा घालावी लागते. त्यांचं नाव आणि माझं नाव त्यांनी बरोब्बर समोरासमोर टाकलं होतं, त्यामुळे ती दोन्ही एका वेळी कुणालाच दिसत नाहीत.

बाजाराच्या दिवशी पुन्हा माणसं थांबायला लागली, पारावर टेकायला लागली. माझ्या वह्या खपल्या, चिवडा खपला. समोरच्यांची भांडी काही विशेष खपली नाहीत. पण पायरीवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निघाला?" विचारताना त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा, की जणू गाव त्यांच्याच घरच्या कार्याला आलंय.

आता माझा गाढवपणा सांगतो. झाडून झाडून माझी कंबर धरली, आणि मुख्य म्हणजे ते रोजचं 'कोपऱ्यात राहिलंय' ऐकून माझं डोकं उठलं होतं. कोपरा मी घासून काढला तरी त्यांना तिथे काहीतरी दिसायचंच. मी गुपचूप झाडणाऱ्या एका बाईला महिन्यावर ठरवलं आणि माझ्या वाटणीचं समोरच्यांचं दार तिच्याकडे लावून दिलं. बाई माझ्यापेक्षा दसपट चांगलं झाडायची. ते मात्र पूर्वीसारखेच रोज माझं दार झाडून जायचे, पण माझ्याशी बोलेनात. दुपारची हाक बंद झाली. चार दिवस मी आढ्यता धरली, पाचव्या दिवशी रस्ता ओलांडून गेलो आणि जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "शेठ, दार स्वच्छ असल्याशी मतलब ना तुम्हाला? का माझ्या कंबरेशी वैर आहे?"

ते परात पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "दार सोच्छ हुतं, मास्तर. बाई चांगली हाय. पन ती पार लवकर येऊन जाती. मी येतो तवा झाडून झाल्यालं असतंय." परात खाली ठेवून म्हणाले, "घरात कुनी न्हाई. ही गेल्यापासनं सकाळी उठल्यावर बोलायचं कुनाशी? तुमी खराटा घेऊन यायचे. कुरकुरत का हुईना, दारात मानूस यायचं. कोपरा दावला की आनिक धा मिन्टं थांबायचे."

सगळ्या पेठेला एकमेकांच्या दारात झाडायला लावणारा हा माणूस, आणि मूळ हिशोब एवढाच होता, की सकाळी आपल्या दारात कुणीतरी यावं. मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कंबरेला पट्टा बांधून मी खराट्यासह हजर झालो. त्यांनी कोपरा दाखवला. मी म्हणालो, "डोळे तपासून घ्या." दोघंही हसलो आणि मग मुद्दामच पंधरा मिनिटं लावली.

मागच्या वर्षी ते घरात पाय घसरून पडले. मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना घेऊन गेला. त्यात मुलाचं काहीच चुकलं नाही, एकट्या म्हाताऱ्याला इथे ठेवायचं कसं? जाताना त्यांनी शटर स्वतः ओढलं आणि मला म्हणाले, "मास्तर, दाराकडं बघा." मी म्हणालो, "तुम्ही परत येईपर्यंत बघतो." ते परत यायचे नाहीत, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

अधूनमधून सकाळी त्यांचा फोन येतो. "झाडलं का?" हा पहिला प्रश्न, आणि "तुमच्या दारात कोन झाडतं?" हा दुसरा. मी 'कापडवाले झाडतात' असं ठोकून देतो. खरं म्हणजे कापडवाले दोनदा खराटा घेऊन आले होते, "तुमचं बी झाडतो की, त्यात काय!" म्हणाले. पण मी त्यांना परत पाठवलं. स्वतःचं झाडायचं नाही हा नियम, आणि ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायचं माझ्या जिवावर येतं. तेव्हा माझ्या दारात कडुलिंबाचा पाला साचलेला असतो आणि वह्या घ्यायला येणारी पोरं त्यातून खुशाल चालत येतात.

परवाच्या फोनवर त्यांचा आवाज फार खुशीत होता. मुलाचं घर अकराव्या मजल्यावर. समोर एक दार आहे, पण ते कायम बंद. यांनी ते उघडायची इतके महिने वाट पाहिली आणि एके सकाळी घरातला झाडू घेऊन ते समोरचं दार झाडायला घेतलं. तेवढ्यात दार उघडलं. आतल्या बाईंना वाटलं, सोसायटीने नवीन झाडूवाला ठेवलाय. त्यांनी केराची पिशवीही यांच्या हातात दिली.

मी विचारलं, "मग सांगितलंत ना त्यांना, तुम्ही कोण ते?"

"छ्या! पिशवी खाली नेऊन टाकली. आन काय सांगू मास्तर," त्यांचा आवाज अगदी फुलून आला होता, "बाई म्हन्ली, उद्या बी या!"

फोन ठेवला आणि मी खराटा घेऊन रस्ता ओलांडला. बंद शटरसमोरचं सगळं झाडून काढलं. कोपऱ्यातला पाला तेवढा मी हल्ली मुद्दाम ठेवतो. झाडून झालं की खराटा टेकून जरा वेळ तिथे उभा राहतो. कुणी काही म्हणत नाही. मग वाकतो आणि तो कोपराही झाडून घेतो.