हरिता मराठीत बोलली तो रविवार

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राजलक्ष्मीच्या घरी एक जुना तंटा होता. आई मराठीत विचारायची आणि लेक तमिळमध्ये उत्तर द्यायची. हरिताला मराठी कळायची सगळी, अगदी टोमणेसुद्धा, पण तोंडातून एक शब्द निघेल तर शपथ! राजलक्ष्मी जवळच्या ओरत्तनाडू गावी सरकारी कचेरीत दिवसभर तमिळमध्ये फायली हातावेगळ्या करी, पण घराचा उंबरा ओलांडला की मराठीखेरीज बोलायची नाही. पोरीनं एकदा तरी आपल्या भाषेत बोलावं, एवढीच तिची आस. नवरा प्रतापसिंह म्हणायचा, कशाला मागं लागतेस, बोलेल तेव्हा बोलेल.

दहावीला हरिताला चांगले गुण पडले आणि सगळ्यांच्या डोक्यात डॉक्टरकी शिरली. सगळ्यांच्या कसली, राजलक्ष्मीच्याच! अकरावीला तिनं पोरीला त्रिचीपलीकडच्या एका वसतिगृहाच्या शाळेत घातलं. पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास, दर आठवड्याला परीक्षा, आणि पडतील त्या गुणांप्रमाणे वर्गात बसायची जागा. पोरं म्हणजे काय भाताची पोती आहेत, वजनावर रचून ठेवायला? पण तेव्हा हे कुणी विचारलं नाही. घर रिकामं झालं. संध्याकाळी राजलक्ष्मी सवयीनं मोठ्यानं काहीतरी विचारायची, आणि तमिळ उत्तर आलं नाही की उठून भात चढवायची.

रविवारी फोन यायचा, तोही वसतिगृहाच्या कचेरीतून, वॉर्डनबाई शेजारी उभ्या असताना. हरिता तमिळमध्ये सांगायची, बरी आहे, जेवले, अभ्यास चाललाय. एका रविवारी मात्र पलीकडून आवाज आला तो हळू, अडखळत, शब्द शोधत.

"अम्मा, मला झोप येत नाही. जेवण जात नाही. मला घरी ने."

आता काय सांगावं! राजलक्ष्मीला त्यातली मराठीच तेवढी ऐकू आली. ती हरखून गेली. "अगं, किती गोड बोलतेस! आणखी बोल ना," म्हणाली. मग वेळ संपली आणि तिकडून फोन ठेवला गेला.

राजलक्ष्मीचे पाय जमिनीवर ठरेनात. प्रतापसिंह बाहेर गेला होता, म्हणून ती शेजारच्या वेंकूबाईंकडे धावली. हरिता मराठीत बोलली, आपणहून! वेंकूबाईंनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "काय म्हणाली गं?"

राजलक्ष्मीनं कौतुकानं सांगायला सुरुवात केली. झोप येत नाही म्हणाली, जेवण जात नाही म्हणाली, मला घरी ने म्हणा... आणि तिथंच तिला उमगलं. वॉर्डनबाईंना कळू नये म्हणून पोरीनं ती भाषा काढली होती. आईला तरी कळेल या भरवशावर. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की चपला वेंकूबाईंच्या दारात तशाच टाकून ती अनवाणी घरी आली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं नवरा-बायको गेली. हरिता निम्मी झाली होती. तिनं आईचा हात धरला तो तंजावूर येईपर्यंत सोडला नाही.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. मनाच्या डॉक्टरीणबाई, गोळ्या, आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडलेली पोर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिनं मदत मागितली, त्याला फार बळ लागतं. त्या दिवसांत हरिता बोललीच तर मराठीत बोलायची, आणि तेही एवढंच: नको, नंतर. प्रत्येक वेळी राजलक्ष्मीच्या काळजात चर्र व्हायचं. देवापुढे उभी राहून ती मागायची, मला मराठी नको, माझी भांडखोर तमिळ पोर परत दे.

हळूहळू हरिता जेवू लागली, संध्याकाळी बापाबरोबर फिरायला जाऊ लागली. जूनपासून गावातल्याच शाळेत जायचं तिनं स्वतःच ठरवलं.

मग एके सकाळी इडली खाताना फणकारा आला, "एन्नम्मा इदु? चटणीयिल उप्पे इल्ल!" चटणीत मीठच नव्हतं. राजलक्ष्मीचे डोळे भरून आले. मिठाचा डबा पुढं सरकवत, घरातला इतक्या वर्षांचा नेम मोडून, तिनं लेकीला तमिळमध्ये विचारलं, आणखी काय हवं?

हरितानं चमकून वर पाहिलं. तू आपली मराठीच बोल अम्मा, म्हणाली. तिथं रात्री मी तुझं बोलणंच आठवत पडायचे.

हे सगळं ती तमिळमध्येच म्हणाली.